भिजत पडलेल्या घोंगड्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय लोकरीचा आहे, म्हणजे आपल्याच घरचा.

माझी पुतणी इंग्लंडला नोकरीला असते. शनिवार-रविवारी ती लोकरीचं काम करते. कधी चरख्यावर सूत काढते, कधी लोकर ओली करून, चोळून तिचे गालिचे, पिशव्या बनवते. मागच्या दिवाळीत आली तेव्हा तिने बॅगेतून एक पुडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. पिंजलेल्या लोकरीची जाडसर, मऊ गादी होती. निळी, मोरपंखी, मध्येच पिवळी झाक. त्यात मुद्दाम कुरळ्या बटा, गाठी, जाड-बारीक धागे सोडलेले. हाताने रंगवलेली लोकर. असा खडबडीतपणा मुद्दाम ठेवला की सुताला वेगळाच पोत येतो, असं ती म्हणाली.

मी विचारलं, "केवढ्याला?"

"काका, शंभर ग्रॅमला बारा पौंड."

बारा पौंड म्हणजे हजार-बाराशे रुपयांच्या वर. शंभर ग्रॅमला! तात्या, म्हणजे माझे चुलते, शेजारीच बसले होते. आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला माणूस. त्यांनी ती गादी दोन बोटांत धरली, ओढली, कानाशी नेऊन चुरगळली आणि म्हणाले, "लोकर चांगली हाय. पन आपल्या जावळापरीस काय लई येगळी न्हाई." मग थोड्या वेळाने, "बांधावर पडलीय आपली. जा, बघून ये."

ती खरंच बांधावर पडली होती. पावसाळ्याआधी कातरलेली, चार पोती. घ्यायला कुणी आलंच नाही. परतीच्या पावसात पोती भिजली, कुजायला लागली. आणि खरं सांगायचं तर "ठेवून काय करायचंय, द्या टाकून," असं तात्यांना म्हणणारा मीच होतो. कातरणाऱ्यांची मजुरीसुद्धा त्या लोकरीतून सुटत नव्हती.

'भिजत घोंगडं' हा शब्द आपण रोज वापरतो. पाण्याचा प्रश्न, रस्त्याचा प्रश्न, आरक्षणाचा प्रश्न, सगळीच भिजत घोंगडी. ज्याने घोंगडं भिजलेलं पाहिलंय त्यालाच हा वाक्प्रचार कळतो. भिजलं की ते इतकं जड होतं की एकट्याला उचलवत नाही, आणि पाऊस थांबला तरी दोन-दोन दिवस वाळत नाही. त्या दिवशी बांधावर उभं राहून वाटलं, घोंगड्याचाच प्रश्न भिजत घोंगडं होऊन पडलाय. तो तसा कसा पडला, याचा इतिहास थोडा वाचला. तो सांगतो.

आपली मेंढी ती दख्खनी. सोलापुरी, संगमनेरी, लोणंद ही तिचीच भावंडं. १८२० च्या दशकात विल्यम सायक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडत होता. माळावरच्या एका चंडोलाला आजही त्याचं नाव आहे. १८३१ मध्ये त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्यात या मेंढीची नोंद आहे: आखूड पाय, नाकाला बाक, लोकर आखूड, भरड आणि जवळपास सगळीकडे काळी. दोनशे वर्षांनंतरही हे वर्णन तात्यांच्या कळपाला लागू पडतं.

भरड आणि काळी, हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या दोन शब्दांची आहे.

आपल्याकडे हे दोन्ही गुण होते. भरड लोकरीचं घोंगडं पाऊस झेलतं. पाणी वरच्या वर निथळतं आणि आत ऊब राहते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. म्हणून भर पावसात घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन माणूस दिवसभर मेंढरं राखू शकायचा. काट्याकुट्यात अडकून ते फाटत नाही. काळं असल्यामुळे मळ दिसत नाही, आणि रंगवायचा तर प्रश्नच नाही. काळी, पांढरी, करडी, तांबूस अशी लोकर वेगवेगळी निवडायची आणि त्या त्या सुताचे काठ आणि पट्टे घालायचे, हीच आपली रंगसंगती. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ते सगळ्यात मऊ, आणि जावळाचं घोंगडं सगळ्यात भारी.

कामाची वाटणीही ठरलेली होती. मेंढरं नदीवर धुवायची, वर्षातून दोनदा कातरायची. कातरायला भावकी जमायची. आज तुझ्या वाड्यावर, उद्या माझ्या. मग धनुकलीने लोकर पिंजायची. माझी आजी पिंजलेल्या लोकरीचे पेळू वळायची आणि सूत काढायची. माझ्या पुतणीने बारा पौंडाला आणलेली गादी आणि आजीच्या सुपातला पेळू, दोन्ही एकाच पायरीवरचा माल आहे: पिंजलेला, पण अजून न कातलेला. बापई माणसं मेंढरांमागं चालता चालता टकळी फिरवायची. सूत सणगराकडे नाहीतर खुटेकर धनगराकडे जायचं. तो ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्यातल्या मागावर घोंगडं विणायचा. मेंढी धनगराची, सूत बाईचं, माग सणगराचा आणि घोंगडं सगळ्या गावाचं. लग्नात बसायला घोंगडं, देवाला आसन घोंगडं, बाळंतिणीला घोंगडं.

विणायची गरज नसलेला प्रकारही आपल्याकडे होता. त्याला कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात जेन म्हणतात. लोकर पिंजून थरावर थर पसरायचे, पाणी मारायचं, गुंडाळायचं आणि हातापायांनी लाटत राहायचं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल आणि घर्षण मिळालं की ते एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. सूत नाही, माग नाही, आणि तरी कापड तयार. सैबेरियाच्या अल्ताई डोंगरात, पाझिरिक इथल्या बर्फात गोठलेल्या थडग्यांत अशी जमवलेली लोकर सापडली आहे, ती सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. इंग्लंडमधली माझी पुतणी शनिवारी छंद म्हणून जे करते, तेच हे. फक्त तिच्याकडे साबण आणि गरम पाणी आहे, आणि आपल्याकडे ते धनगराच्या अंगणात व्हायचं.

या लोकरीने राजकारणही पाहिलं. मराठ्यांच्या घोडदळाची ताकद हलकेपणात होती. तंबू-कनातींचं लटांबर नाही, कांबळं हेच अंथरूण, तेच पांघरूण आणि पावसात तेच छप्पर. मल्हारराव होळकर धनगराच्या घरातले, नीरा काठच्या होळ गावचे. मेंढरं राखणाऱ्या घरातला हा मुलगा माळव्याचा सुभेदार झाला. त्यांची सून अहिल्यादेवी, चोंडीची.

आणि जोतीराव फुले. १८८८ साली पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याला मेजवानी होती. शहरातले बडे लोक जरीच्या पगड्या आणि हिऱ्यामोत्यांचे दागिने घालून आले. जोतीराव आले ते गरीब कुणब्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी. आणि त्यांनी भर सभेत सांगितलं की या दागिन्यांवरून देश ओळखू नका, खरा देश असा आहे. त्या दिवशी घोंगडीने जे सांगितलं ते दहा अर्जांनी सांगता आलं नसतं.

त्याच जोतीरावांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगल खात्यावर कोरडे ओढले आहेत. १८७८ च्या कायद्याने सरकारने डोंगर, माळ, गायरानं राखीव करायला सुरुवात केली होती. शेळ्या-मेंढ्या तिथे शिरल्या की दंड आणि कोंडवाडा. आज आपण लोकरीचं बोलतो तेव्हा फक्त बाजाराचं बोलतो. पण पहिला घाव चराऊ रानावर बसला, हे जोतीरावांनी तेव्हाच ओळखलं होतं.

दुसरा घाव त्या दोन शब्दांचा, भरड आणि काळी.

कंपनी सरकारला हिंदुस्थानातली लोकर हवी होती ती विलायतेतल्या गिरण्यांसाठी. गिरणीला बारीक आणि पांढरी लोकर लागते. बारीक, म्हणजे यंत्रावर तलम सूत निघतं. पांढरी, म्हणजे हवा तो रंग देता येतो. काळ्या लोकरीवर कुठलाच रंग चढत नाही. लिव्हरपूलच्या लिलावात हिंदुस्थानी लोकरीचे ढीग लागायचे, आणि तिथल्या मोजपट्टीवर आपली लोकर तळाला. म्हणजे मेंढी तीच, लोकर तीच, फक्त मोजणारा बदलला आणि गुणाचा दोष झाला.

मग 'सुधारणा' सुरू झाली. १८३० च्या दशकात नगर भागात मेरिनो मेंढे आणून सरकारी प्रयोग झाले. मेरिनो थंड, कोरड्या हवेतला. अंगावर दाट, तलम लोकर. त्याला आपलं ऊन, आपला पाऊस, बाभळीचे काटे आणि रोजची मैलोन्मैल चाल कशी सोसणार? प्रयोग मुळं धरू शकले नाहीत. गंमत अशी की स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने तोच धडा पुन्हा गिरवला. मेरिनो आणि रॅम्बुलेट जातीचे मेंढे दख्खनी मेंढ्यांवर सोडले, हेतू तोच, लोकर बारीक करायची. सरकारी फार्मवर आकडे बरे आले असतील. पण वाड्याबरोबर कोकणात उतरून पुन्हा घाट चढणाऱ्या कळपात ती संकरित मेंढी टिकली नाही.

तेवढ्यात गिरणीचं कांबळं गावात पोचलं होतं. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ ची, पंजाबातली धारीवालची १८८० ची. पुढे पानिपतमध्ये विलायतेचे जुने कपडे फाडून, त्यांचंच सूत करून स्वस्त ब्लँकेटं निघायला लागली. मग अ‍ॅक्रिलिक आलं. रंगीत, फुलाफुलांचं, धुवायला सोपं, आणि घोंगड्याच्या पाव किमतीत. आपल्या आयाबहिणींनी ते घेतलं यात त्यांची चूक नाही. पावसात राखणीला जाणंच कमी झालं, तर खोळ कुणासाठी?

तिसरा घाव आम्हीच घातला, धनगरांनी. हे लिहायला जड जातं, पण लिहितो. मटणाचा भाव चढत गेला आणि लोकरीचा पडत गेला. मग लोकर नसलेली, अंगाने मोठी मेंढी बरी वाटायला लागली. जत तालुक्यातल्या माडग्याळ मेंढीचा आज केवढा रुबाब आहे, एकेका मेंढ्याची किंमत ऐकून गाडीवाला मागं बघतो. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणला. चांगलं, अभ्यासाचं काम आहे, मेंढपाळाला दोन पैसे जास्त मिळाले. पण या सगळ्या हिशोबात लोकर कुठेच नाही. आता लोकर म्हणजे मेंढीच्या अंगावरचा कचरा. उन्हाळ्यात तिला उकडू नये, गोचीड होऊ नये म्हणून पदरचे पैसे घालून काढायचा कचरा.

आता आजचं बोलू.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. त्यातल्या निम्म्याच लोकरीच्या धरा. वर्षाला एका मेंढीची अर्धा किलोच लोकर धरा. तरी पावणेसात लाख किलो लोकर होते. हा माझा ढोबळ हिशोब आहे, कमी-जास्त होईल. पण यातली बरीचशी बांधावर, ओढ्यात, उकिरड्यावर जाते, हे गावात राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आणि त्याच वेळी देश ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून लोकर विकत घेतो.

यंत्रणा नाही असंही नाही. पुण्यात १९७८ पासून मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं नाव आहे. जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ आहे. राजस्थानात अविकानगरला १९६२ पासून लोकरीची संशोधन संस्था आहे. २०१७ पासून महामेष योजना आहे, तिला यशवंतराव होळकरांचं नाव. नगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, मला त्याचा आनंदच आहे. अहिल्यादेवींची त्रिशताब्दी थाटात झाली, आम्हीही गावात मिरवणूक काढली. मिरवणुकीत पुढाऱ्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकण्याचा कार्यक्रम झाला. मी त्यातल्या एका घोंगडीची कड उलटून पाहिली. अ‍ॅक्रिलिकची होती.

हसू नका. ती मीच बाजारातून आणून दिली होती. ऐनवेळी अस्सल घोंगडी पंचक्रोशीत मिळाली नाही.

मागं एका सरकारी कार्यालयात लोकरीचं विचारायला गेलो होतो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, मेंढी मेली तर सांगा, लोकरीसाठी आमच्याकडे रकानाच नाही. त्यांनी वाईट हेतूने म्हटलं नाही. पण दोनशे वर्षांचा इतिहास त्या एका वाक्यात आहे. आधी रानात जागा गेली, मग बाजारात गेली, शेवटी कागदावरची पण गेली.

मग आशा कशाला धरायची? दोन कारणांनी.

पहिलं, मोजपट्टी पुन्हा बदलतेय. पुतणीने आणलेल्या गादीत गाठी आणि खडबडीतपणा मुद्दाम ठेवला होता, आणि त्यासाठीच तिने जास्त पैसे मोजले. भरडपणाला गिऱ्हाईक आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात 'देसी ऊन' या छोट्या चित्रपटाला ज्युरी पुरस्कार मिळाला. सुरेश एरियत यांचा हा चित्रपट लोकरीच्याच बाहुल्यांनी केलाय आणि विषय आपल्याच दख्खनी लोकरीचा. जगाने टाळ्या वाजवल्या. आपल्या तालुक्यात किती जणांनी पाहिला?

दुसरं, हात अजून शिल्लक आहेत. सणगरांचे थोडे माग अजून चालतात. जेन करणारी म्हातारी माणसं अजून आहेत. तात्यांना अजून बोटाने लोकरीची जात कळते. पण हे सगळे साठीच्या, सत्तरीच्या पुढचे. दहा वर्षांनी विचारायला कुणी राहणार नाही. बाजार पुन्हा आणता येतो, हात आणता येत नाहीत.

भावनेला हात घालून घोंगडं विकलं जात नाही, हे मला कळतं. शंभर ग्रॅमला बाराशे रुपये आपल्याला मिळणार आहेत असंही मी सांगत नाही. त्या किमतीत धुणं, निवडणं, रंगवणं, पिंजणं आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं हे सगळं आलं. आपली लोकर काट्याकुसळांसकट पोत्यात कोंबलेली असते. मधल्या या पायऱ्यांवरच पैसा आहे आणि त्याच आपल्याकडे तुटल्या आहेत. म्हणून मागणंही तेवढंच आहे. तालुक्याला एक लोकर धुण्याची आणि पिंजण्याची सोय. कातरणीच्या वेळी काळी, पांढरी, जावळ वेगळी ठेवण्याची सवय, ती तर आपल्याच हातात आहे. आणि आश्रमशाळा, वसतिगृहं, दवाखाने यांच्यासाठी कांबळी घेताना त्यातला थोडा वाटा दख्खनी लोकरीचा, हातमागाचा असावा अशी अट. पहिली दोन कामं बचत गट आणि ग्रामपंचायत मिळून करू शकतात. तिसऱ्यासाठी आमदार-खासदारांच्या मागं लागावं लागेल.

येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. पाच माणसं आली तरी मांडणार.

पुतणी परत जाताना तात्यांनी तिला घरातल्या कोकरांचं जावळ दिलं. दोन किलो असेल. आजीच्या सुपात निवडून, धुऊन, उन्हात वाळवून. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला. काळ्या लोकरीचं छोटंसं आसन केलंय, मध्ये पांढरी रेघ, रंग काही नाही. तात्यांनी फोन जवळ धरून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काठ कुनी शिकवला तिला?"

कुणी नाही. आजीच्या घोंगड्याचा फोटो पाहून केला.

तुमच्या घरात जुनं घोंगडं असेल तर फोटो टाका, आणि ते कुठल्या गावात, कुणी विणलं तेही लिहा. तुमच्याकडे लोकरीचं काय होतं, कोण घेतं, किती देतं, हेही खरं खरं लिहा. ठरावाला जोडायला ते कामाला येईल. आणि हो, लोकर बांधावर टाकू नका. कोरड्या जागी ठेवा. आमची चार पोती गेली, तुमची जाऊ देऊ नका.